देहूचे पडके देऊळ आणि तुकोबाराय

आपल्या देवळाच्या जीर्णोद्धाराचे काम श्रीकृपेने तडीस गेले. स्मरणिकेसाठी चार ओळी लिहाव्यात अशी पंचमंडळींची आज्ञा झाली. लिहिणारा कचेरीतला कारकून, विद्वान नव्हे. तेव्हा ज्यांनी स्वतःच पडके देऊळ उभे केले, त्या तुकोबारायांचे चरित्र यथामति सांगतो.

तुकोबांचा जन्म देहूस इ. स. १६०८ चा मानतात. घराणे महाजनांचे, दुकान चालते. वडील बोल्होबा, आई कनकाई. थोरले बंधू सावजी विरक्त, म्हणून प्रपंचाचा भार लहानपणीच तुकोबांवर आला. पुढे आईवडील गेले आणि १६३० चा भयंकर दुष्काळ पडला. पहिली पत्नी व मुलगा संतू दगावले, दुकान बुडाले, दिवाळे निघाले. कालपर्यंत रामराम घालणारे तोंड चुकवू लागले. संत जन्मतःच निर्भय असतात असे आपण समजतो. तुकोबांनी तसा आव कधी आणला नाही. उद्याची धास्ती आणि लोकलाज त्यांनी पुरती भोगली होती.

अशा वेळी त्यांनी हाती काय घेतले? पूर्वज विश्वंभरबुवांच्या वेळचे विठ्ठलाचे देऊळ मोडकळीस आले होते, त्याची दुरुस्ती! गाठीस पैसा नाही. परंपरा सांगते की त्यांनी स्वतः दगडमाती वाहिली. आपण आधी वर्गणीची यादी केली. देणगीदारांनी राग मानू नये, त्यांच्यावाचून हे काम झाले नसते.

मग घरातली कर्जखते निघाली. धाकटे बंधू कान्होबा यांना त्यांच्या वाटणीची दिली आणि आपल्या वाट्याची तुकोबांनी इंद्रायणीत सोडली. कागदाचे मोल कारकुनाला कळते. उद्याची उरलीसुरली आशा त्या खतांतच होती. दुसऱ्या पत्नी जिजाई यांच्यावर काय ओढवले असेल, तेही विसरू नये. पोराबाळांचे पोट त्या माउलीनेच सांभाळले.

तरी खरी परीक्षा पुढेच होती. शूद्राने वेदांचा अर्थ सांगू नये, असा वाघोलीच्या रामेश्वरभटांचा आक्षेप. अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या. खते बुडाली तेव्हा न डगमगलेले तुकोबा आता मात्र व्याकूळ झाले. विठ्ठलावर हवाला टाकून तेरा दिवस अन्नपाण्यावाचून नदीकाठी शिळेवर पडून राहिले. वह्या कोरड्या वर आल्या, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. पण त्यानंतरच्या अभंगांत विजयाचा डौल नाही. आपण देवाला उगाच कष्टविले, त्याच्यावर पुरता भरवसा ठेवला नाही, म्हणून ते स्वतःलाच दोष देतात.

पुढे रामेश्वरभट त्यांचे शिष्य झाले. १६५० साली फाल्गुन वद्य द्वितीयेस तुकोबा वैकुंठास गेले. भजनानंतर आपण तुकोबारायांची जी आरती म्हणतो, ती या रामेश्वरभटांचीच.