गळ्यातले दैवत, हातातले काम : महात्मा बसवेश्वरांची जीवनकथा

अक्षय्य तृतीयेच्या दिवशी कर्नाटक, महाराष्ट्र, तेलंगणा आणि आंध्र प्रदेशासह देशाच्या अनेक भागांत महात्मा बसवेश्वर यांची जयंती साजरी होते. गावोगावी मिरवणुका निघतात, प्रतिमापूजन होते, व्याख्याने होतात. बसवेश्वरांच्या नावाशी जोडलेली सर्वांत परिचित कल्पना म्हणजे ‘कायक’. कचेरीच्या भिंतीवर रंगवलेल्या सुविचारासारखा तिचा सोपा अर्थ लावला जातो : मन लावून काम करावे. बसवेश्वरांचे सांगणे मात्र याहून पुष्कळ अवघड होते. पूजेची वेळ निराळी आणि व्यवहाराची वेळ निराळी, ही विभागणीच त्यांना मान्य नव्हती. आठशे वर्षांपूर्वी एका राजधानीत हा विचार आचरणात आला, तेव्हा त्याने सिंहासन हादरवले आणि अनेकांचे प्राण घेतले.

बसवेश्वरांचा जन्म आजच्या विजयपूर जिल्ह्यातील बागेवाडी येथे झाला. 1131 हे त्यांचे जन्मवर्ष सर्वसाधारणपणे मानले जाते. काही अभ्यासक ते 1105 धरतात. वडील मादिराज हे अग्रहाराचे प्रमुख, आई मादलांबिका. घर शैव ब्राह्मणाचे, नित्यनेम आणि कर्मकांड यांनी बांधलेले. आठव्या वर्षी मौंजीबंधनाची तयारी झाली तेव्हा या मुलाने जानवे घालण्यास नकार दिला, असे परंपरा सांगते. थोरली बहीण अक्कनागम्मा हिला हा संस्कार नाही, मग तो आपल्यालाच कशासाठी, हा त्याचा प्रश्न होता. या कथेचे तपशील चरित्रकारांगणिक बदलतात. पण ज्या पूजेत घरातल्या मुलीला जागा नाही ती पूजा अपुरी आहे, हे पुढील साऱ्या आयुष्याचे सूत्र तिच्यात आधीच दिसते.

घर सोडून ते कृष्णा आणि मलप्रभा यांच्या संगमावरील कूडलसंगम येथे आले. तेथे अध्ययन झाले, संगमेश्वराची सेवा झाली. कूडलसंगमदेव हे नाव त्यांनी पुढे आपल्या प्रत्येक वचनाची मुद्रा म्हणून वापरले. देवळात राहून, नदीकाठी ध्यान करून त्यांचे आयुष्य सुखाने गेले असते. भारतातील अनेक संतचरित्रे येथे वैराग्याकडे वळतात. बसवेश्वरांचे चरित्र मात्र येथून हिशेबाच्या वह्यांकडे वळते.

सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा हे त्या काळी कलचुरी घराण्याचे ठाणे होते. कल्याणच्या चालुक्यांचा मांडलिक असलेला बिज्जल तेथे कारभार पाहत होता. त्याच्या पदरी बसवेश्वर करणिक, म्हणजे हिशेबनीस, म्हणून रुजू झाले. मंगळवेढ्याला पुढे चोखोबा, कान्होपात्रा आणि दामाजीपंत यांच्यामुळे संतभूमी म्हणून कीर्ती लाभली. त्याच्या कितीतरी आधी याच गावात बसवेश्वर राज्याच्या जमाखर्चाचा मेळ घालत होते. नातलग बलदेव हे मंत्री होते. त्यांची कन्या गंगांबिका आणि नीलांबिका या दोघींशी बसवेश्वरांचा विवाह झाला. 1160 च्या आगेमागे बिज्जलाने चालुक्यांची सत्ता बळकावली आणि कल्याण, म्हणजे बीदर जिल्ह्यातील आजचे बसवकल्याण, आपल्या ताब्यात घेतले. बसवेश्वरही तेथे गेले आणि भांडारी, पुढे प्रधान झाले.

ज्याच्या हाती तिजोरीच्या किल्ल्या आहेत त्याने पूजा आणि व्यवहार एकच मानायचे, ही साधी गोष्ट नव्हती. त्यांच्या निवासस्थानी, ‘महामने’त, रोज मोठी पंगत बसे. जात न विचारता जंगमांना आणि शरणांना, म्हणजे शिवाला शरण गेलेल्या भक्तांना, तेथे जेवण मिळे. हा पैसा राजाच्या खजिन्यातला आहे, अशी कागाळी दरबारातील मंडळींनी बिज्जलाकडे केली. खजिना मोजला गेला आणि तो चोख निघाला. पुराणकारांनी या प्रसंगाला चमत्काराचे रूप दिले आहे, पण चमत्कार वगळला तरी त्याचे मोल उणावत नाही. भक्तीची परीक्षा येथे गाभाऱ्यात झाली नाही. ती मोजणीत झाली. बसवेश्वरांच्या गायी चोरांनी नेल्या, तेव्हा मागे हंबरणारी वासरेही त्यांच्याकडे पोहोचवा, असे त्यांनी सांगितल्याची आणखी एक कथा आहे. राज्याच्या पैशाबाबत इतका काटेकोर माणूस स्वतःच्या मालमत्तेबाबत किती सैल होता, हे या दोन कथा शेजारी ठेवल्या की कळते.

या आचरणाच्या केंद्रस्थानी होते इष्टलिंग. गळ्यात बांधता येईल एवढे लहान लिंग, डाव्या तळहातावर घेऊन डोळ्यांसमोर धरायचे आणि त्याची पूजा करायची. त्यासाठी पुजारी नको, गाभारा नको, मुहूर्त नको. त्या काळचे मोठे देऊळ म्हणजे जमीनजुमला, दानपत्रे, नर्तकी आणि मानकरी यांचा पसारा होता, आणि त्याच्या दारात कोणी उभे राहायचे व कोणी राहायचे नाही हे जन्मावर ठरे. दैवतच गळ्यात आले म्हटल्यावर ते दार निरर्थक झाले. शेतावर, भट्टीवर, होडीवर, जेथे माणूस असेल तेथे देव त्याच्यासोबत होता.

या उपासनेचा दुसरा पैलू कमी चर्चिला जातो, पण नित्यपूजेच्या दृष्टीने तोच अधिक क्रांतिकारक म्हणावा लागेल. शरणपरंपरेने पाच सुतके नाकारली : जन्माचे, मृत्यूचे, रजस्वलेचे, उष्ट्याचे आणि जातीचे. नित्यपूजा हा शब्द सगळेच वापरत होते. पण घरात मूल जन्मले की पूजा थांबे, कोणी वारले की थांबे, आणि स्त्रीची पूजा तर दर महिन्याला थांबे. काहींच्या वाट्याला ती जन्मभर येतच नसे. जिच्या छातीशी लिंग आहे तिला विटाळ कसला, असे मानल्यावर नित्य हा शब्द प्रथमच खऱ्या अर्थाने नित्य झाला. अक्कमहादेवीसारखी वैराग्यशील कवयित्री आणि संसारात राहिलेल्या अनेक शरणी यांची वचने आज उपलब्ध आहेत, त्यामागे हे कारण आहे.

आणि मग कायक. पोटासाठी केलेले प्रामाणिक काम हीच शिवपूजा, आणि त्या कमाईतून गरजेपुरते ठेवून उरलेले समाजाला देणे म्हणजे दासोह, अशी ही जोडी होती. भीक मागून केलेल्या भक्तीला तिच्यात स्थान नव्हते. कायकाचा अर्थ समजावा म्हणून शरणांच्या कथा वाचाव्यात. तात्त्विक विवेचनापेक्षा त्या अधिक सांगतात. आयदक्की मारय्या हा सांडलेले तांदूळ वेचून गुजराण करणारा शरण. एके दिवशी त्याने नेहमीपेक्षा जास्त तांदूळ आणले. पत्नी लक्कम्मा हिने ते पाहताच ओळखले आणि जादा तांदूळ जेथून आणले तेथे परत टाकून येण्यास त्याला लावले. दुष्काळी मुलखात राहणाऱ्या दरिद्री जोडप्याने उद्याचा साठा नाकारावा, ही आजच्या वाचकाला अतिरेकी वाटणारी गोष्ट आहे. पण गरजेपेक्षा जास्त घेतले की कामाची पूजा संपते आणि लोभ सुरू होतो, ही लक्कम्माची समज पक्की होती.

दोरखंड वळणाऱ्या नुलिय चंदय्याची कथा तर याहून धारदार आहे. तळ्याकाठी गवत कापत असताना त्याच्या गळ्यातील इष्टलिंग निसटून पाण्यात पडले. चंदय्या थांबला नाही. गवताचा भारा घेऊन तो कामाला निघून गेला. शरणांत यावर मोठा वाद झाला. अल्लमप्रभूंशी झालेल्या संवादात चंदय्याने धरलेली बाजू अशी, की कायक गुरूलाही चुकत नाही, लिंगालाही नाही आणि जंगमालाही नाही. पूजेचे साधन हरवले म्हणून पूजा अडत नाही, कारण पूजा हातांत चालू आहे. ज्या पंथाने इष्टलिंगाला प्राणांइतके जपले, त्याच पंथाने ही कथाही जपून ठेवली, याचे नवल वाटते.

हे सारे जेथे बोलले जाई ती जागा म्हणजे कल्याणचा अनुभवमंटप. अल्लमप्रभू अध्यक्षस्थानी असत. परीट मडिवाळ माचय्या, नावाडी अंबिगर चौडय्या, डोहर कक्कय्या, मादार चन्नय्या, हडपद अप्पण्णा अशी नावे प्रधानाच्या नावासोबत येतात ती येथेच. भाषा संस्कृत नव्हे, रोजच्या वापरातली कन्नड. सोन्नलगी, म्हणजे आजचे सोलापूर, येथे तळी खोदणारे आणि देवालये उभारणारे सिद्धरामेश्वर हेही अल्लमप्रभूंच्या भेटीनंतर कल्याणला आले. त्यांचे काम लोकोपयोगी होते, तरी त्यात कर्तेपणाचा अहंकार उरू शकतो, हे अल्लमप्रभूंनी त्यांना दाखवून दिले, असे परंपरेचे कथन आहे. नुसते काम केले की झाले, इतका कायकाचा विचार ढोबळ नव्हता.

मात्र प्रत्येक काम पूजा असेल, तर कातडे कमावणारा आणि मंत्रपठण करणारा यांत उच्चनीच कोण? हा प्रश्न टाळता येण्याजोगा नव्हता आणि कल्याणात तो टाळला गेला नाही. चर्मकार असलेले हरळय्या आणि ब्राह्मण कुळातून आलेले मधुवरस हे दोघेही शरण झाले होते. मधुवरसांची कन्या आणि हरळय्यांचा पुत्र यांचा विवाह ठरला व पार पडला. शरणांच्या दृष्टीने तो दोन शरण कुटुंबांतील विवाह होता. कर्मठांच्या दृष्टीने वर्णसंकर. बिज्जलावर दडपण आले आणि त्याने हरळय्या व मधुवरस यांना देहदंड दिला. परंपरेनुसार त्यांचे डोळे काढून त्यांना हत्तीच्या पायी बांधून फरफटवण्यात आले.

त्यानंतर कल्याण पेटले. बसवेश्वर तोवर प्रधानपद सोडून कूडलसंगमाकडे निघून गेले होते. बिज्जलाची हत्या झाली आणि शरणांची पांगापांग झाली. काही जण चन्नबसवण्णा यांच्यासोबत वचनांची ताडपत्रे घेऊन पश्चिम घाटातील उळवीकडे गेले. सैन्य त्यांच्या मागावर होते. 1167 च्या सुमारास बसवेश्वरांनी कूडलसंगम येथेच देह ठेवला. ज्या राज्याचा हिशेब त्यांनी चोख ठेवला ते राज्यही फार काळ टिकले नाही.

बसवेश्वरांचा मागमूस मात्र पुसला गेला नाही. बेळगाव जिल्ह्यातील अर्जुनवाड येथील 1260 च्या शिलालेखात त्यांचा उल्लेख आहे. तेराव्या शतकात पाल्कुरिकी सोमनाथाने तेलुगूत ‘बसवपुराण’ रचले, 1369 मध्ये भीमकवीने ते कन्नडात आणले. मराठी मुलखात लिंगायत परंपरेला मन्मथस्वामींनी अभंगांची वाट दिली. वचने मात्र मठांत आणि घराघरांतील देव्हाऱ्यांत, फडक्यात गुंडाळलेल्या ताडपत्रांच्या रूपाने पडून राहिली. दैनंदिन व्यवहाराची पूजा शिकवणाऱ्या ओळींचीच पूजा होऊ लागली होती. हळदकुंकू वाहिले जाई, वाचन क्वचितच होई.

ती ताडपत्रे बाहेर काढली विजापूरच्या एका वकिलाने. फकीरप्पा गुरुबसप्पा हळकट्टी गावोगाव हिंडून पोथ्या गोळा करू लागले, ताडून पाहू लागले. 1923 मध्ये त्यांचा ‘वचनशास्त्रसार’ प्रसिद्ध झाला. पुढील प्रकाशनासाठी त्यांनी राहते घर विकून 1925 मध्ये छापखाना काढला. पुढे 1993 मध्ये कर्नाटक सरकारने समग्र वचनांचे 15 खंड प्रसिद्ध केले. त्याच मालिकेत कल्याणच्या प्रधानाची वचने आहेत, नावाडी चौडय्याची आहेत, दोरखंड वळणाऱ्या चंदय्याची आहेत आणि जादा तांदूळ परत करायला लावणाऱ्या लक्कम्माचीही आहेत.