झाशीच्या राणीची बेगमी

मृग लागायच्या आत आपली किती धावपळ असते! गहू, डाळी, तिखट, मीठ, पापड-कुरडया, वर जळण. पाऊस सुरू झाला की वाटा बंद आणि भाव दुप्पट, हे आपल्या आज्या-पणज्यांना पाठ होतं. त्यालाच बेगमी म्हणायचं. झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंनीही १८५७-५८ च्या हिवाळ्यात अशीच बेगमी केली होती, पण ती दारूगोळ्याची. घोड्यावर बसलेली, पाठीशी मूल बांधलेली राणी आपण सगळ्यांनी चित्रात पाहिली आहे. कोठार भरणारी राणी मात्र कुणी फारशी रंगवली नाही.

काशीत जन्मलेली मोरोपंत तांब्यांची मनू बिठूरला पेशव्यांच्या आश्रयाने वाढली. १८४२ मध्ये झाशीच्या गंगाधरराव नेवाळकरांशी लग्न झालं. १८५१ मध्ये झालेला मुलगा काही महिन्यांतच गेला. नोव्हेंबर १८५३ मध्ये दत्तकविधान उरकतो न उरकतो तोच गंगाधररावही गेले. १८५४ मध्ये कंपनी सरकारने दत्तक नामंजूर करून संस्थान खालसा केलं. राणींच्या हाती उरली महिना पाच हजारांची पेन्शन. किल्ला सोडून त्या शहरातल्या वाड्यात राहायला आल्या. फौजही मोडली.

जून १८५७ मध्ये झाशीतले शिपाई उठले, गोऱ्यांची कत्तल झाली आणि शिपाई दिल्लीकडे निघून गेले. जाताना राणींकडून पैसा घेऊन गेले. मागे राहिलं ते रिकामं शहर. इंग्रज कमिशनरने कारभार तुम्हीच सांभाळा म्हणून कळवलं, पण मदत कुणाची नाही. तेवढ्यात शेजारच्या ओरछाची फौज चालून आली! ती परतवली तेव्हा राणींना एक गोष्ट पक्की कळली असणार. आपल्या घरात असेल तेवढंच आपलं.

मग कारखाने सुरू झाले. तोफा ओतायच्या, गाडे बांधायचे, गोळे घडवायचे, दारू कुटायची. (ही तोफेची दारू बरं का!) सोरा, गंधक आणि कोळसा, एवढंच सामान. त्यात सोऱ्याचा वाटा सगळ्यात मोठा. पण कुटताना ठिणगी पडली तर घात आणि ओल लागली तर सगळं फुकट. पापडाच्या डब्याला ओल लागली तर आपला जीव तुटतो, इथे तर शहराचा जीव त्या कोठारात होता. कडकबिजली, भवानीशंकर अशा तोफा बुरुजांवर सज्ज झाल्या. गुलाम घौसखान हा गोलंदाज तोफांवर होता.

नुसतं आपलं कोठार भरून त्या थांबल्या नाहीत. शहराभोवतालचा मुलूख त्यांनी ओसाड करून टाकला. गवताची काडी नाही, झाडाची सावली नाही. शत्रूच्या घोड्या-बैलांनी खायचं काय? पण ओरछा आणि शिंदे यांच्याकडून इंग्रजांना चारा मिळाला. शेजारीच फितूर म्हटल्यावर काय करणार!

तिकडे सर ह्यू रोजही सामान जमवत होता. फेब्रुवारी १८५८ चा बराचसा महिना तो सागरला अडून बसला. तोफगोळे, हत्ती, गाड्या, धान्य, इतकंच काय, चहा आणि सोडावॉटरसुद्धा! सगळं भरून घेतल्यावरच तो निघाला आणि २१ मार्चला झाशीसमोर आला.

पुढचे दोन आठवडे तोफा रात्रंदिवस धडधडत होत्या. बायका दारूगोळा वाहत होत्या, पडलेला तट बांधायला हात लावत होत्या, शिपायांना अन्नपाणी पोचवत होत्या. इंग्रजांनी स्वतःच हे नोंदवून ठेवलंय. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे तेव्हा झाशीतच अडकले होते. त्यांचं 'माझा प्रवास' मिळालं तर जरूर वाचा. वेढ्यात एक गोळा दारूच्या कारखान्यावरच पडला आणि मोठा स्फोट झाला. त्यात माणसं गेली, बायकाही गेल्या. त्यांची नावं मात्र आपल्याला माहीत नाहीत.

साठा कितीही केला तरी वेढ्यात तो रोज कमीच होत जातो. बाहेरून कुमक हवी होती. तात्या टोपे वीस हजारांवर फौज घेऊन आले. चरखारी घेताना मिळालेल्या चोवीस तोफा त्यांच्या हाती होत्या. पण १ एप्रिलला बेतवेकाठी त्यांचा मोड झाला आणि बऱ्याच तोफा इंग्रजांच्या हाती पडल्या. ३ तारखेला तटाला शिड्या लागल्या. पुढे शहरात जी कत्तल झाली ती वाचवत नाही. दुसऱ्या रात्री राणी किल्ल्यातून निसटल्या. वडील मोरोपंत पकडले गेले, त्यांना फाशी दिली.

राणी काल्पीला पोचल्या. तिथे जमिनीखाली मोठं दारूगोळ्याचं कोठार होतं, जोडीला कारखाने. काल्पीची लढाई हरल्यावर मे महिन्याच्या अखेरीस हे सगळं भरलेलं कोठार तसंच सोडून निघावं लागलं! इंग्रजांना ते आयतंच मिळालं.

१ जूनला ग्वाल्हेर हाती आलं, खजिना आणि तोफखान्यासकट. पण तिथे जल्लोष आणि मेजवान्यांतच दिवस गेले. रोजने उसंत दिली नाही. जूनच्या मध्यावर, कुणी १७ म्हणतात कुणी १८, कोटा की सराईजवळ राणी लढता लढता पडल्या. दामोदररावांनी पुढचं आयुष्य इंदूरला काढलं, १९०६ पर्यंत. आणि कडकबिजली? ती झाशीच्या किल्ल्यात आजही पाहायला मिळते.