आर्सचे धर्मगुरु संत योहान मारी व्हियान्नी

जुबिली हा शब्द कानीं पडला म्हणजे देवळाची रोषणाई, मिरवणूक, वाजंत्री आणि पंगती हीं आपल्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. तीं असावींत, आनंदाच्या दिवशीं आनंद करणें हा ख्रिस्ती मनुष्याचा धर्मच आहे. परंतु या शब्दाचें मूळ फार जुनें आहे. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणें इस्राएल लोकांनीं दर पन्नासावें वर्ष पवित्र मानावें, विकलेली जमीन मूळ कुळाकडे परत जावी आणि कर्जापायीं दास झालेल्या बांधवास त्याच्या घरीं जाऊं द्यावें, अशी आज्ञा होती. मोकळीक हाच जुबिलीचा गाभा आहे. आत्म्याला अशी मोकळीक पापनिवेदनाच्या साक्रामेंतांत मिळते, आणि ती पुरी होते शेजाऱ्याच्या उंबरठ्यावर. या दोन गोष्टी एकमेकींपासून किती अभेद्य आहेत, हें ज्यांनीं आपल्या आयुष्यानें दाखविलें, त्या संत योहान मारी व्हियान्नी यांचें चरित्र या जुबिलीच्या निमित्तानें वाचकांपुढें ठेवीत आहों.

योहान मारी यांचा जन्म फ्रान्स देशांत, लिओन शहराजवळील दार्दिली या खेड्यांत ता. ८ मे १७८६ रोजीं एका शेतकऱ्याच्या घरीं झाला. ते तीन वर्षांचे होते तेव्हां फ्रान्समध्यें राज्यक्रांति झाली, आणि थोड्याच काळांत पवित्र सभेवर मोठें संकट कोसळलें. सरकारनें सांगितलेली शपथ ज्या धर्मगुरूंनीं नाकारली, त्यांना लपूनछपून फिरावें लागे. पकडले गेले तर हद्दपारी किंवा मृत्यु ठरलेला. अशा दिवसांत, १७९७ सालीं, अकरा वर्षांच्या योहाननें आपल्या घरींच एका वेषांतर केलेल्या धर्मगुरूपाशीं पहिलें पापनिवेदन केलें. पुढें १७९९ त एक्यूली गांवीं एका घरांत त्यांना प्रथम कम्युनियन मिळालें. आंतल्या मेणबत्त्यांचा उजेड बाहेर दिसूं नये म्हणून खिडक्यांपुढें गवताच्या गाड्या आणून उभ्या केल्या होत्या. पापांची क्षमा पोहोंचविण्यासाठीं माणसें जीव धोक्यांत घालतात, हें त्या बालकानें प्रत्यक्ष पाहिलें. जी वस्तु आपणांस दर शनिवारीं देवळांत सहज लाभते, तिचें मोल त्यांना लहानपणींच कळलें.

धर्मगुरु व्हावें ही त्यांची इच्छा होती, परंतु घरच्या शेतीमुळें शिक्षणास उशीर झाला. विसाव्या वर्षीं ते एक्यूली येथील धर्मगुरु बाले यांच्या घरीं चालणाऱ्या शाळेंत जाऊं लागले. लॅटिन भाषा त्यांना कांहीं केल्या येईना. बरोबरीचे विद्यार्थी त्यांच्याहून कितीतरी लहान. त्यांपैकीं मातियास लोरास नांवाचा हुशार मुलगा त्यांना शिकवीत असे. एके दिवशीं त्याचा धीर सुटला आणि त्यानें सर्वांदेखत या विशीच्या तरुणाच्या तोंडांत मारली. व्हियान्नी यांचा स्वभावही मुळांत तापटच होता. पण त्यांनीं हात उचलला नाहीं. ते त्या मुलापुढें गुडघे टेकून बसले आणि आपल्या मंदबुद्धीबद्दल त्याचीच क्षमा मागूं लागले. मुलाला रडूं कोसळलें, त्यानें त्यांना मिठी मारली, आणि दोघांची मैत्री जन्मभर टिकली. हाच लोरास पुढें अमेरिकेंतील डुब्यूक येथील पहिला बिशप झाला.

१८०९ सालीं नेपोलियनच्या सैन्यांत भरती होण्याचा हुकूम त्यांच्यावर आला. वाटेंत ते आजारी पडले, त्यांची पलटण पुढें निघून गेली, आणि ते फरारी ठरले. ले नोए या डोंगराळ गांवीं परक्या नांवानें, मुलांना शिकवीत, ते सुमारें चौदा महिने लपून राहिले. त्यांच्यापायीं वडिलांना सरकारी जाच सोसावा लागला. १८१० त सम्राटाच्या विवाहाप्रीत्यर्थ फरारी शिपायांना माफी जाहीर झाली, आणि त्यांच्या ऐवजीं धाकट्या भावानें सैन्यांत जावें असें ठरून त्यांची सुटका झाली. ते घरीं परतल्यावर थोड्याच आठवड्यांत आईनें डोळे मिटले. ज्यांना पुढें हजारों लोकांस क्षमा द्यावयाची होती, त्यांनीं माफीवांचून अडकलेल्या माणसाची स्थिति स्वतः अशी अनुभविली.

सेमिनरींत ते परीक्षेंत नापास झाले. बाले यांनीं त्यांची बाजू धरली, त्यांच्या भक्तीची साक्ष दिली, आणि अखेर ता. १३ ऑगस्ट १८१५ रोजीं ग्रनोब्ल येथें त्यांना गुरुदीक्षा मिळाली. तरी वरिष्ठांनीं त्यांना पापनिवेदन ऐकण्याचा अधिकार लगेच दिला नाहीं. कांहीं महिन्यांनीं तो मिळाला, तेव्हां त्यांच्यापाशीं पहिलें पापनिवेदन केलें तें त्यांच्या वृद्ध गुरूंनीं, बाले यांनींच. ज्याला अक्षर अक्षर शिकविलें, त्या शिष्यापुढें गुरूनें गुडघे टेकले. बाले १८१७ सालीं वारले.

१८१८ च्या फेब्रुवारींत व्हियान्नी आर्स या गांवीं आले. वस्ती अवघी सुमारें २३० माणसांची. गांवचे लोक कांहीं मोठे दुष्ट नव्हते. रविवारीं शेतांत काम, संध्याकाळीं दारूचा गुत्ता, रात्रीं नाच, आणि देवळांत चार म्हाताऱ्या, असा क्रम चाले. पापाची चाड उरली नव्हती, म्हणून क्षमेची गरजही कोणास वाटत नव्हती. नव्या धर्मगुरूंनीं प्रथम स्वतःपासून आरंभ केला. पहाटेपूर्वीं उठून ते पवित्र साक्रामेंतापुढें तासन् तास बसत, कठोर उपास करीत, कांहीं उकडलेल्या बटाट्यांवर दिवसचे दिवस काढीत. मग ते घरोघर जात, शेतकऱ्याशीं पीकपाण्याच्या गोष्टी बोलत, आणि बोलतां बोलतां देवाची गोष्ट काढीत. गांव बदलावयास वर्षें लागलीं. हळूहळू गुत्ते बंद पडले, रविवार पाळला जाऊं लागला. १८२४ त त्यांनीं गरीब व अनाथ मुलींसाठीं एक आश्रमशाळाही उघडली.

पहिल्या वर्षांत ते पापनिवेदन ऐकतांना फार कडक असत. त्या काळच्या फ्रान्समधील रीतीप्रमाणें, मनुष्य खरोखर सुधारला अशी खात्री पटेपर्यंत ते पापविमोचन लांबणीवर टाकीत. पुढें संत आल्फोन्स लिगोरी यांच्या सौम्य शिकवणुकीचा परिचय झाला, आणि हजारों दुःखी माणसांचीं हृदयें जवळून पाहिलीं, तेव्हां त्यांचा कडकपणा मावळला. पापाविषयींचा तिटकारा कमी झाला नाहीं. पाप्याविषयींची दया मात्र वाढली. लोकांना ते लहानसें प्रायश्चित्त सांगत आणि उरलेलें आपण स्वतः उपासानें व जागरणानें फेडीत.

परंतु दुसऱ्यांना क्षमा देणाऱ्यास स्वतःलाही क्षमा करावी लागते, आणि ती परीक्षा त्यांच्या वांट्यास पुरेपूर आली. ज्यांचे गुत्ते आणि नाच बुडाले, त्यांनीं सूड उगविला. त्यांच्या दारावर घाण फांसली, निनांवी पत्रें धाडलीं, आणि जवळच राहणाऱ्या एका कुमारिकेला मूल झालें तेव्हां त्याचा दोष त्यांच्या माथीं मारला. निष्कलंक धर्मगुरूला याहून मोठें दुःख तें कोणतें? गांव सोडून जावें असें त्यांच्या मनांत आलें. तरी ते राहिले. ज्यांनीं ही बदनामी पसरविली, त्यांनाही त्यांनीं कधीं दार बंद केलें नाहीं.

पुढें लोकांचे थवे आर्सला येऊं लागले, तेव्हां शेजारच्या धर्मगुरूंनाही मत्सर वाटला. बोर्जों नांवाच्या एका तरुण धर्मगुरूनें त्यांना लिहून कळविलें कीं, ज्याला धर्मशास्त्राचें इतकें थोडें ज्ञान आहे त्यानें पापनिवेदन ऐकावयास बसूंच नये. व्हियान्नी यांनीं उत्तरीं त्याचे मनापासून आभार मानले, आपल्याला ओळखणारा तोच एक भेटला असें सांगितलें, आणि आर्समधून आपली बदली करविण्यास मदत करावी अशी विनंति केली. त्या पत्रांत उपरोध नव्हता. बोर्जों लज्जित होऊन आले व त्यांची क्षमा मागते झाले. दुसऱ्या एका प्रसंगीं कांहीं धर्मगुरूंनीं त्यांच्याविरुद्ध बिशपांकडे पाठविण्याचा अर्ज सह्यांसाठीं फिरविला. तो फिरत फिरत त्यांच्याच हातीं आला. त्यांनीं तो वाचला, खालीं आपली सही केली आणि पुढें धाडून दिला.

१८२७ च्या सुमारास सुरूं झालेला यात्रेकरूंचा ओघ त्यांच्या मरणापर्यंत वाढतच गेला. शेवटच्या वर्षांत दरसाल सुमारें ८०,००० लोक आर्सला येत, असा अंदाज आहे. लिओनच्या रेल्वे स्टेशनावर आर्सच्या यात्रेकरूंसाठीं आठ दिवस चालणारीं खास तिकिटें मिळत. व्हियान्नी मध्यरात्रीनंतर एकच्या सुमारास देवळांत जात आणि हिवाळ्यांत अकरा-बारा, उन्हाळ्यांत सोळा तासांपर्यंत पापनिवेदन ऐकत. सरदार, मजूर, पंडित, भिकारी यांना एकाच रांगेंत कित्येक तास, कधीं कित्येक दिवस थांबावें लागे. कोणी पश्चात्तापावांचून कोरडेपणानें पापें सांगूं लागला तर व्हियान्नी यांच्याच डोळ्यांतून अश्रु वाहत. तुम्हांला रडूं येत नाहीं म्हणून मी रडतों, असा त्यांचा भाव असे.

एकदां शोकानें खचलेली एक विधवा तेथें आली. तिच्या पतीनें पुलावरून नदींत उडी टाकून जीव दिला होता. त्याच्या आत्म्याविषयीं तिला आशा उरली नव्हती. ती कांहीं बोलण्यापूर्वींच धर्मगुरु तिच्याजवळ थांबले आणि त्यांनीं तिला समजाविलें कीं, पुलाचा कठडा आणि पाणी यांमधील अंतरांत पश्चात्तापाला वेळ मिळाला होता. देवाच्या दयेला किती थोडी जागा पुरते, याचें याहून मोठें आश्वासन कोणतें असूं शकेल?

या थोर सेवेंत त्यांना स्वतःविषयीं समाधान नव्हतें. आपल्या पापांसाठीं एकांतांत रडावें, या ओढीनें १८४०, १८४३ आणि १८५३ सालीं त्यांनीं आर्स सोडून जाण्याचा यत्न केला, आणि प्रत्येक वेळीं ते परत आले. १८४५ पासून आठ वर्षें त्यांच्याजवळ असलेले एक साहाय्यक धर्मगुरु त्यांच्याशीं उद्धटपणें वागत, चारचौघांत त्यांचा शब्द खोडीत. लोक संतापत, पण व्हियान्नी त्यांचीच बाजू घेत, त्यांचे गुण सांगत. बाहेरच्या शत्रूला एकदां क्षमा करणें सोपें. एकाच घरांत राहणाऱ्याला रोज सकाळीं नव्यानें क्षमा करणें कठीण. संतपणाची खरी कसोटी तेथें लागते.

१८५९ च्या जुलैंत फ्रान्समध्यें कडक उन्हाळा होता. ता. २९ रोजीं नेहमीप्रमाणें दिवसभर पापनिवेदन ऐकून ते जे अंथरुणास खिळले, ते उठले नाहींत. ता. ४ ऑगस्टच्या पहाटे, वयाच्या ७३ व्या वर्षीं, त्यांनीं शांतपणें देह ठेविला. पोप दहावे पायस यांनीं १९०५ सालीं त्यांना धन्यवादित पदास चढविलें. पोप अकरावे पायस यांनीं ता. ३१ मे १९२५ रोजीं त्यांस संत म्हणून जाहीर केलें व १९२९ त जगांतील सर्व धर्मग्रामांच्या धर्मगुरूंचे आश्रयदाते नेमलें. त्यांच्या मृत्यूस दीडशें वर्षें झालीं तेव्हां, २००९ सालीं, पोप सोळावे बेनेडिक्ट यांनीं सर्व पवित्र सभेंत धर्मगुरूंचें वर्ष पाळविलें. दर ४ ऑगस्टला आपण त्यांचा सण करतों.

प्रिय वाचकहो, ज्याला आपले वाडवडील कुमसार म्हणत, तें पापनिवेदन आपण नाताळ-ईस्टरला करतों आणि हलक्या मनानें घरीं येतों. पण शेताच्या बांधावरून, विहिरीच्या पाण्यावरून, वडिलार्जित घराच्या वांटणीवरून ज्या भावाशीं दहा वर्षें बोलणें नाहीं, तो मिस्साच्या वेळीं पलीकडच्या बांकावरच बसलेला असतो. दोघेही प्रभूची प्रार्थना म्हणतात, आणि ज्या मापानें आपण ऋण्यांना सोडतों त्याच मापानें आम्हांस सोड, असें देवाला विनवितात. तें मागणें देवानें अक्षरशः मान्य केलें तर आपली गति काय होईल, याचा विचार करावा. रोज रात्रीं निजण्यापूर्वीं दिवसाचा झाडा घ्यावा. झालेल्या अपराधाची देवाजवळ क्षमा मागावी. आणि सूर्य उगवल्यावर, ज्याचें मन दुखविलें त्याच्याकडे पहिलें पाऊल आपण टाकावें. चूक कोणाची अधिक, हा हिशेब व्हियान्नी यांनीं कधीं मांडला नाहीं. ज्या मुलानें तोंडांत मारली, त्याच्यापुढें त्यांनींच गुडघे टेकले.

जुबिलीच्या मिस्सापूर्वीं आपल्या धर्मग्रामांतील एक जरी बंद दार असें उघडलें, तर या उत्सवाचें सार्थक झालें. संत योहान मारी व्हियान्नी आपल्या धर्मगुरूंसाठीं आणि आपणां सर्वांसाठीं प्रभूपाशीं विनंति करोत.