कॅम्परमध्ये ऊब हवी? आधी हम्फ्री डेव्हीला भेटा

मी भिवंडीत धामणकर नाक्याजवळ राहतो. आमच्याकडे थंडी म्हणजे डिसेंबरात पहाटे पंखा एक नंबरवर आणायचा, बस्स. त्यामुळे मागच्या डिसेंबरात आम्ही चौघं मित्र भंडारदऱ्याला निघालो तेव्हा थंडीचा विचार कोणी केलाच नव्हता. एका मित्राच्या मामांनी जीपच्या मागे जोडायचा छोटा कॅम्पर भाड्याने मिळवून दिला होता. पडघा, शहापूर, कसारा घाट, घोटी करत संध्याकाळी पोचलो. रात्री अकराला दात वाजायला लागले.

कॅम्परमध्ये छोटा सिलिंडर आणि गॅसचा हीटर होता. पेटवला, खिडक्या लावल्या, दाराखालच्या फटीत टॉवेल कोंबला. मस्त ऊब आली. तासाभराने माझं डोकं जड झालं, मळमळायला लागलं. वाटलं, घाटातल्या वळणांचं असेल. तेवढ्यात एकजण बाहेर जाऊन आला. बाहेर त्याचं डोकं हलकं झालं आणि आत पाय ठेवताच परत जड. त्याला शंका आली, त्याने आम्हाला सगळ्यांना बाहेर ओढलं. टॉर्च मारून पाहिलं तर आतल्या भिंतींवरून पाणी ओघळत होतं.

आम्ही वाचलो. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दामन इथे केरळचे ८ पर्यटक हॉटेलच्या बंद खोलीत गॅस हीटर लावून झोपले, ते उठलेच नाहीत.

घरी आल्यावर मी शोधायला लागलो, की छोट्या गाडीत ऊब आणायची तर कशी? वाचता वाचता एकाच माणसाचं नाव पुन्हा पुन्हा समोर येत गेलं. सर हम्फ्री डेव्ही. हा माणूस १८२९ मध्येच वारला. पण बंद जागेतली ज्योत, ज्योतीशिवाय मिळणारी उष्णता आणि बॅटरीवर तापणारी तार, या तिन्हींशी त्याचा संबंध आला होता. म्हणून हीटरची गोष्ट मी त्याच्या आयुष्यातूनच सांगतो.

औषधवाल्याचा शिकाऊ पोरगा

डेव्हीचा जन्म १७ डिसेंबर १७७८ चा, इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला पेन्झान्स गावातला. वडील लाकडावर कोरीवकाम करायचे. पाच भावंडांत हा थोरला. १७९४ मध्ये वडील गेले आणि पुढच्याच वर्षी तो गावातल्या एका सर्जनकडे शिकाऊ म्हणून लागला. कॉलेज वगैरे काही नाही. पुस्तकं वाचायची आणि हाताला लागेल त्यावर प्रयोग करायचे.

१७९८ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्याला ब्रिस्टलमध्ये नोकरी मिळाली. थॉमस बेडोज नावाच्या डॉक्टरने तिथे एक संस्था काढली होती. वेगवेगळे वायू हुंगवून आजार बरे होतात का, हे तिथे तपासायचं होतं. डेव्हीचं काम वायू बनवायचं. आणि बनवलेला वायू आधी कोण हुंगणार? तोच. लाफिंग गॅस म्हणजे नायट्रस ऑक्साइडवरच्या त्याच्या प्रयोगांनी तो प्रसिद्ध झाला.

तीन श्वास

त्याच काळात त्याने आणखी एक वायू ओढून पाहिला. हा वायू म्हणजे मुख्यतः हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइडचं मिश्रण. तीन श्वास घेतले आणि तो कोसळायच्या बेतात आला. हातातून नळी सुटली, छातीवर दडपण आलं. भानावर येताच त्याने स्वतःचीच नाडी धरून पाहिली, तर ती दोऱ्यासारखी बारीक आणि भलतीच जोरात चाललेली. मोकळ्या हवेत गेल्यावर हळूहळू बरं वाटलं. हे सगळं त्याने १८०० मध्ये छापलेल्या आपल्या पुस्तकात नोंदवून ठेवलं.

हे वाचलं तेव्हा मला आमचा भंडारदरा आठवला. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. गॅसला जो घाण वास येतो तो गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेला असतो, आणि गॅस जळला की तोही जातो. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा या वायूला दोनशे पटींहून जास्त घट्ट धरतं. म्हणजे हवेत थोडासा जरी असला तरी तो रक्तातली जागा अडवून बसतो. आधी डोकं जड, मग मळमळ, मग झोप. आणि झोपलेल्या माणसाला आपण गुदमरतोय हे कळतच नाही.

गॅस नीट जळला तर कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ होते. ऑक्सिजन कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड वाढतो. आता हिशोब बघा. १ किलो एलपीजी पूर्ण जळायला साधारण १२-१३ घनमीटर हवा लागते. छोट्या कॅम्परच्या आत असते जेमतेम ६ घनमीटर. शिवाय त्या १ किलोतून दीड किलोहून जास्त पाणी वाफेच्या रूपात बाहेर पडतं. आमच्या भिंती रडत होत्या त्या त्यामुळे. फटीत टॉवेल कोंबून आम्ही स्वतःच हवेचा रस्ता बंद केला होता.

जाळीमागची ज्योत

१८०१ मध्ये डेव्ही लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आला. त्याची व्याख्यानं ऐकायला गर्दी व्हायची. १८१२ मध्ये तो सर झाला. पुढच्या वर्षी त्याने एका गरीब लोहाराच्या मुलाला मदतनीस म्हणून घेतलं. तो मायकेल फॅरडे. १८१३ ते १८१५ च्या दरम्यान सुमारे दीड वर्ष डेव्ही, त्याची बायको आणि फॅरडे घोडागाडीतून युरोप फिरले, सोबत रसायनांची पेटी. फ्लॉरेन्समध्ये त्यांनी मोठ्या भिंगाने ऊन एकवटून हिरा जाळला आणि तो निव्वळ कार्बन असल्याचं दाखवलं. रोड ट्रिपला आपण गिटार नेतो, यांनी प्रयोगशाळा नेली.

परत आल्यावर त्याच्यासमोर खरं संकट आलं. मे १८१२ मध्ये इंग्लंडच्या फेलिंग खाणीत स्फोट होऊन ९२ माणसं मेली होती. त्यांत लहान मुलंही होती. खाणीत मिथेन साठायचा, कामगारांना दिव्याशिवाय दिसायचं नाही, आणि दिव्याची ज्योत मिथेनला लागली की स्फोट. खाणींवरच्या लोकांनी डेव्हीला बोलावलं. काही महिन्यांतच त्याने उत्तर काढलं, ज्योतीभोवती बारीक तारेची जाळी. एका चौरस इंचात ७८४ छिद्रं. हवा आणि वायू आत जातात, पण बाहेर येणाऱ्या आगीची उष्णता धातूची जाळी शोषून घेते, त्यामुळे बाहेरचा वायू पेट घेण्याइतका तापत नाही. जानेवारी १८१६ मध्ये हा दिवा खाणीत वापरून पाहिला गेला. डेव्हीने पेटंट घेतलं नाही.

याच कल्पनेची आजची मोठी बहीण म्हणजे कॅम्परमधला डिझेल हीटर. जाळी वेगळी आणि हीटर वेगळा, पण विचार एकच, आग आणि माणसांची हवा एकमेकांत मिसळू द्यायची नाही. या हीटरमध्ये इंधन बंद भांड्यात जळतं. जळायला लागणारी हवा बाहेरून येते, धूर पाइपने बाहेर जातो. पंखा फक्त त्या गरम भांड्यावरून आतली हवा फिरवतो. बॅटरी लागते ती पंखा, पंप आणि सुरुवातीच्या पेटवणीपुरती.

पण डेव्हीच्या दिव्याची पुढची गोष्टही लक्षात ठेवा. दिवा आला म्हणून पूर्वी बंद ठेवलेल्या धोकादायक भागांतही खाणमालकांनी माणसं उतरवली. जाळी गंजली, फाटली किंवा हवेचा जोर वाढला की ज्योत बाहेर यायची. अपघात थांबले नाहीत. डिझेल हीटरचंही तसंच. धुराचा पाइप सैल झाला किंवा चिखलाने बुजला तर तोच विष आत सोडतो.

ज्योत नाही, तरी ऊब

या दिव्यावर काम करताना डेव्हीला एक अजब गोष्ट दिसली. प्लॅटिनमची बारीक गरम तार गॅस आणि हवेच्या मिश्रणात धरली तर ज्योत नसतानाही ती लालभडक राहते. तारेच्या पृष्ठभागावर गॅस मुकाट्याने जळत असतो. १८१७ मध्ये त्याने हे रॉयल सोसायटीपुढे मांडलं. कॅटालिटिक गॅस हीटर याच तत्त्वावर चालतो. ज्योत नाही, आवाज नाही.

लोक इथेच फसतात. ज्योत दिसत नाही म्हणजे काही जळत नाही, असं त्यांना वाटतं. जळतंय! ऑक्सिजन खाल्ला जातोय, वाफ होतेय, आणि हवा कमी पडली तर कार्बन मोनॉक्साइडही. खाली आणि वर, दोन्हीकडे हवेची वाट उघडी हवीच. आणि झोपताना बंद.

बॅटरीचा रस्ता

१८०७ मध्ये डेव्हीने बॅटरीच्या जोरावर पोटॅशियम आणि सोडियम वेगळे केले. पुढच्या वर्षी कॅल्शियम आणि मॅग्नेशियमही. तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकातली ही मूलद्रव्यं त्याची. त्याच्या मोठ्या बॅटरीने तारा तापून लाल व्हायच्या. विजेतून किती उष्णता निघते, याचा नियम पुढे १८४० च्या सुमारास जेम्स जूलने मांडला. तो मँचेस्टरजवळचा, आणि आमच्या भिवंडीला लोक भारताचं मँचेस्टर म्हणतात, म्हणून मला तो जरा जवळचा वाटतो.

विजेच्या हीटरमध्ये काही जळत नाही, म्हणजे विषारी वायू नाही. अडचण बॅटरीची. तुमच्या ५००० एमएएच फोनमध्ये साधारण १९ वॅट-तास ऊर्जा असते. १००० वॅटचा हीटर ती सव्वा मिनिटाच्या आत संपवेल. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासाची मोठी बॅटरीसुद्धा दोन तास पुरत नाही. पण ५० वॅटचं इलेक्ट्रिक ब्लँकेट त्याच बॅटरीवर रात्रभर आरामात चालतं. हवा तापवण्यापेक्षा माणूस तापवणं स्वस्त.

शेवटची वर्षं

१८२० मध्ये डेव्ही रॉयल सोसायटीचा अध्यक्ष झाला. पण माणूस मोठा झाला तसा अहंकारही वाढला. जॉर्ज स्टीफन्सनने त्याच काळात स्वतःचा सुरक्षित दिवा बनवला होता, ते डेव्हीने कधी मान्य केलं नाही. १८२४ मध्ये फॅरडेला सोसायटीचा सदस्य करायलाही त्याने विरोध केला. तब्येत ढासळत गेली, १८२७ मध्ये पद सोडलं, आणि २९ मे १८२९ रोजी जिनिव्हात तो वारला. वय फक्त ५०.

मग आता आम्ही काय करतो

महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. अशा गाड्या वाढतील, म्हणून हे सांगतो.

- कॅम्परला बाहेरून वीज जोडता येत असेल तर विजेचा हीटर लावा. अंथरूण-पडद्यांपासून लांब ठेवा.
- वीज नसेल तर नीट बसवलेला, बाहेरून हवा घेणारा डिझेल हीटर. निघण्यापूर्वी धुराचा पाइप हाताने हलवून बघा.
- उघड्या ज्योतीचा किंवा कॅटालिटिक गॅस हीटर जागे असतानाच, खिडकी उघडी ठेवून.
- कोळशाची शेगडी आत कधीच नाही. विझत आलेले निखारेही नाहीत.
- कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपण्याच्या उंचीवर लावा. गॅस गळतीचा अलार्म वेगळा असतो, तो हे काम करत नाही. आणि फोनमध्ये हा सेन्सर नसतो, त्यामुळे कुठलंही ॲप तुम्हाला वाचवणार नाही.
- डोकं जड झालं तर कारण शोधत बसू नका. आधी सगळ्यांना बाहेर काढा.

या थंडीत आम्ही परत भंडारदऱ्याला जाणार आहोत. सामानाच्या यादीत पहिलं नाव अलार्मचं आहे, दुसरं चार जाड गोधड्यांचं. मामांनी विचारलं, हीटर नको का? मी म्हटलं, मामा, या वेळी टॉवेल फक्त अंघोळीला वापरायचाय.