पंडिता रमाबाई आणि दोन संस्था



चार माणसांनी मिळून एखादे चांगले काम सुरू केले की लवकरच विषय निघतो : आता स्वतःची संस्था काढायची का? मग नोंदणी, घटना, हिशेब, देणगीदार... बोलता बोलता मूळ काम बाजूलाच राहते. पंडिता रमाबाईंपुढे हा प्रश्न दोनदा आला. त्या कॅथोलिक नव्हत्या. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी अँग्लिकन चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला. तरी आपल्या भागाशी त्यांचे नाते आहे.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवले आणि आईने रमाबाईंना. पुढे दुष्काळात आईवडील गेले, थोरली बहीणही गेली. उपास म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. १८८० साली विवाह झाला आणि दोनच वर्षांत पती गेले. पदरात लहानगी मनोरमा.

पहिली संस्था त्यांनी पूर्ण तयारीने काढली. अमेरिकेत फिरून बालविधवांची स्थिती सांगितली, पुस्तक लिहिले. १८८७ साली बोस्टनमध्ये मंडळ स्थापन झाले व त्याने दहा वर्षे मदतीची हमी दिली. मगच ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले; पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले. तेथे कुणाच्या धर्मात ढवळाढवळ करायची नाही असे ठरले होते. पण काही मुली ख्रिस्ताकडे ओढल्या गेल्या आणि १८९३ साली मोठे वादळ उठले. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले, पालकांनी मुली काढून नेल्या. त्या पालकांची भीती खोटी होती असे आम्ही म्हणणार नाही. त्यांनी भरवसा टाकला होता.

दुसऱ्या वेळी तयारीला सवडच नव्हती. १८९६ साली पाऊस लवकर गेला आणि मध्य प्रांतात धान बुडाले. आपला भंडारा जिल्हा तेव्हा त्याच प्रांतात होता. धान बुडाले म्हणजे काय, हे आपल्या शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. रमाबाई मध्य प्रांतात आल्या. निराधार मुली आणि विधवा पाहून त्यांना राहवेना. पण ठेवायचे कुठे? बोस्टनचा पैसा उच्च जातीच्या बालविधवांसाठी होता आणि त्याची दहा वर्षेही संपत आली होती. ह्या मुली तर सगळ्या जातींच्या. कमिटीची बैठक बोलावली असती तर थांबा असेच ठरले असते, आणि कागदावर ते बरोबरही ठरले असते.

रमाबाईंनी सुमारे ३०० जणींना नेले. पुण्यात प्लेग असल्यामुळे अधिकाऱ्यांनी तिथे राहू दिले नाही. दौंडजवळ केडगावला संस्थेच्या उत्पन्नासाठी जमीन घेतलेली होती, तिथेच त्यांची सोय केली. तीच मुक्ती. म्हणजे मुली आधी आल्या, संस्था मागून झाली! १८९८ साली रमाबाई पुन्हा अमेरिकेस गेल्या आणि मदतीची नवी व्यवस्था करून आल्या.

नुसते जेवण देऊन भागणार नव्हते. शेती, गुरे, विणकाम, तेलघाणा, छापखाना अशी कामे मुली शिकल्या. रमाबाईंनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर तिथेच छापले गेले. मनोरमेने पुढे कारभार पाहावा असा विचार होता. ती १९२१ साली वारली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईही गेल्या. केडगावचे काम इतरांनी सांभाळले आणि ते आजही चालू आहे.