बस कंडक्टर ते लखनौचे मिर्झा : जॉनी वॉकर यांची जीवनयात्रा

लखनौ : लखनौची पार्श्वभूमी लाभलेल्या हिंदी चित्रपटांचा विषय निघाला की ‘चौदहवी का चांद’चे नाव हमखास येते. १९६० च्या या चित्रपटात नवाबी अदबीचा, खुशमिजाज मिर्झा साकारणारे जॉनी वॉकर मात्र लखनौचे नव्हते. त्यांचा जन्म इंदूरचा, आणि पडद्यावर येण्यापूर्वी ते मुंबईच्या ‘बेस्ट’ बसमध्ये तिकिटे देत असत.

बद्रुद्दीन जमालुद्दीन काझी हे त्यांचे मूळ नाव. वडील कापड गिरणीत नोकरीला होते. गिरणी बंद पडल्यावर हे मोठे कुटुंब मुंबईत आले. बद्रुद्दीन यांचे शालेय शिक्षण अर्धवट राहिले. भाजी, फळे, आइसकांडी अशी किरकोळ विक्री करून ते घराला हातभार लावू लागले. पुढे कंडक्टरची नोकरी मिळाली, तेव्हा महिन्याच्या ठरलेल्या पगाराने घर काहीसे स्थिरावले.

तिकिटे देता देता नकला करून ते उतारूंना हसवीत. रोज शेकडो माणसे, त्यांच्या लकबी, बोलण्याचे ढंग डोळ्यांसमोरून जात होते. अभिनयाची याहून चांगली शाळा त्यांना कुठे मिळाली असती? अभिनेते बलराज साहनी त्या सुमारास ‘बाजी’ची पटकथा लिहीत होते. या कंडक्टरचे गुण हेरून त्यांनी त्यांना गुरुदत्त यांना भेटण्यास सुचवले. बद्रुद्दीन यांनी तेथे मद्यपीचा असा बेमालूम अभिनय केला की १९५१ च्या ‘बाजी’त त्यांची वर्णी लागली. गुरुदत्त यांनी त्यांना नाव दिले ते प्रसिद्ध स्कॉच व्हिस्कीचे. गंमत अशी की, हे नाव धारण करणारा नट मद्याला शिवतही नसे.

एवढ्या मोठ्या घराचा भार असताना बेभरवशाच्या चित्रपटसृष्टीत उतरणे धाडसाचेच होते. गुरुदत्त यांच्या चित्रपटांनी ते सार्थ ठरवले. ‘आरपार’च्या काळात अभिनेत्री शकिला यांची बहीण नूर यांच्याशी त्यांची ओळख झाली आणि पुढे दोघे विवाहबद्ध झाले. ‘सीआयडी’त मुंबईचे रंगढंग सांगणारे त्यांचे गाणे आणि ‘प्यासा’तील तेलमालिशवाला आजही विसरला गेलेला नाही. ज्या रस्त्यांवर नोकरी केली, त्याच रस्त्यांवरची माणसे ते पडद्यावर आणत होते. ‘मधुमती’साठी त्यांना सहायक अभिनेत्याचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला.

‘कागज के फूल’च्या अपयशाने गुरुदत्त खचले होते. त्यानंतर एम. सादिक यांच्या दिग्दर्शनाखाली त्यांनी ‘चौदहवी का चांद’ काढला आणि त्याच्या यशाने त्यांची संस्था सावरली. बुरख्यातील एका चेहऱ्यापायी मित्रांच्या आयुष्यात उडणारा गोंधळ, असे त्याचे कथानक. त्या शोकात्म गुंत्यात मिर्झा हसू आणतो, पण प्रसंगाचे गांभीर्य उणावू देत नाही. १९६३ च्या ‘मेरे मेहबूब’मध्येही अलिगढ-लखनौच्या वातावरणात जॉनी वॉकर नायकाच्या मित्राच्या भूमिकेत दिसले.

बसशी नाते असलेले ते एकटेच नव्हेत. मराठी कुटुंबात जन्मलेले रजनीकांत बंगळुरूमध्ये कंडक्टर होते, तर विनोदी अभिनेते मेहमूद यांनी दिग्दर्शक पी. एल. संतोषी यांची मोटार चालवली होती.

१९६४ मध्ये गुरुदत्त गेले. पुढे विनोदाची अभिरुची बदलली. ‘शिकार’साठी विनोदी अभिनेत्याचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला, तरी द्वयर्थी संवादांच्या वाटेला न गेलेले जॉनी वॉकर हळूहळू बाजूला झाले. हृषीकेश मुखर्जी यांच्या १९७१ च्या ‘आनंद’मधील ईसाभाई ही त्यांची त्या काळातील सर्वांत हृद्य भूमिका म्हणावी लागेल. आनंद एका अनोळखी माणसाला भलत्याच नावाने हाक मारतो आणि ईसाभाईही तितक्याच सहजतेने त्याला दुसऱ्याच नावाने उत्तर देतो. अखेरीस हाच हसरा माणूस आनंदसाठी रडतो.

दीर्घ विश्रांतीनंतर ते १९९७ मध्ये ‘चाची ४२०’त दिसले. २९ जुलै २००३ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.