वाड्यातून वॉर्डाकडे : रमाबाई रानडे आणि परिचारिकांची पहिली पिढी

झी मराठीवर २०१२ साली सुरू झालेल्या उंच माझा झोका या मालिकेने न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पत्नी रमाबाई यांना घराघरांत पोहोचवले. पाटी-पेन्सिल घेऊन बसणारी आणि त्यापायी घरातल्या बायकांची बोलणी खाणारी लहानगी रमा प्रेक्षकांच्या मनात घर करून राहिली. मात्र न्यायमूर्तींच्या निधनानंतर रमाबाई आणखी तेवीस वर्षे जगल्या, आणि त्यांच्या आयुष्यातले सर्वांत मोठे काम याच काळात झाले, हे फारसे कुणाच्या ध्यानात राहिलेले नाही. सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या पुण्यातल्या बायकांना, त्यातही विधवांना, रुग्णालयाच्या वॉर्डात उभे करणे आणि परक्या माणसाच्या उशाशी बसून त्याची विचारपूस करायला लावणे, हे ते काम होय.

ज्या बाईने पुढे इतरांना बोलते केले, तिचे स्वतःचे बालपण मात्र न बोलण्याच्या शिकवणीत गेले. रमाबाईंचा जन्म १८६२ सालचा, देवराष्ट्रे गावच्या कुर्लेकर घराण्यातला. हे गाव आज सांगली जिल्ह्यात आहे आणि पुढे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव म्हणूनही ते प्रसिद्धीस आले. मुलींना अक्षरओळख करून देण्याची पद्धत कुर्लेकरांच्या घरात नव्हती. १८७३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, त्यांचे लग्न झाले. न्यायमूर्तींची पहिली पत्नी नुकतीच वारली होती. सुधारक म्हणून विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या या गृहस्थाने वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून अजाण कुमारिकेशी विवाह केला, आणि त्याबद्दल समाजाने त्यांना बोल लावायचे सोडले नाही. तो बोल खोटाही नव्हता. मात्र लग्न होताच त्यांनी पत्नीला शिकवायला घेतले. दिवसा कचेरी असल्यामुळे ही शिकवणी रात्री होई. आधी मराठी, मग इंग्रजी.

घरात वडीलधाऱ्या बायका पुष्कळ होत्या आणि सुनेने पुस्तक हाती धरावे, हे त्यांतल्या बहुतेकींना खपत नव्हते. टोमणे, अबोला, कामाचा जाच असे सगळे प्रकार झाले. रमाबाईंनी उलट उत्तर दिले नाही आणि अभ्यासही सोडला नाही. आमच्या आयुष्यातील काही आठवणी या १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्यांनी हे दिवस लिहून ठेवले आहेत. पण त्या लेखनात कडवटपणा फार थोडा आहे. आपल्याला छळणाऱ्या बायकांचा स्वभाव, त्यांची भीती आणि त्यांचे एकटेपणसुद्धा त्या समजून घेताना दिसतात. रागावलेल्या माणसाचे आधी ऐकून घ्यायचे, त्याला दुखवायचे नाही आणि आपला मार्गही सोडायचा नाही, ही सवय त्यांना सासरच्या माजघरात लागली. पुढे विरोध करणाऱ्या आईबापांसमोर त्यांना हीच सवय कामी आली असावी.

सभेत बोलणे हे आणखी निराळे. न्यायमूर्तींची १८७८ साली नाशिकला बदली झाली. तिथल्या शाळेच्या समारंभात रमाबाई पहिल्यांदा जाहीरपणे बोलल्या; ते भाषण पतीने लिहून दिलेले होते. १८८२ साली पंडिता रमाबाई पुण्यात आल्या, आर्य महिला समाज स्थापन झाला आणि त्याच्या बैठकांतून रमाबाई रानडे यांना आपल्याच वयाच्या बायकांमध्ये बोलायची सवय झाली. पुण्यात मुलींचे हायस्कूल निघावे म्हणून भरलेल्या सभेत त्यांनी गव्हर्नरांपुढे इंग्रजीत निवेदन वाचले. त्या दिवशी घरी परतल्यावर त्यांना जे ऐकावे लागले, ते सभेतल्या टाळ्यांहून बराच काळ कानांत राहिले असणार. हायस्कूल मात्र १८८४ साली निघाले. पुणेकर त्याला आजही हुजूरपागा म्हणतात.

१८९३ साली न्यायमूर्ती मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि बिऱ्हाड मुंबईला हलले. तिथे रमाबाईंनी स्त्रियांचा क्लब काढून भाषा, सामान्य ज्ञान, शिवणकाम यांचे वर्ग चालवले. याच काळात, १८९६-९७ मध्ये, मुंबई आणि पुण्याला प्लेगने गाठले. पुण्यात घराघरांची झडती घेणारे सोल्जर, रुग्णांना ओढून नेणाऱ्या गाड्या, आणि एकदा नेलेला माणूस परत येत नाही ही ठाम समजूत यांमुळे रुग्णालय या शब्दाचीच दहशत बसली. २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या, हा त्या संतापाचा कळस. प्लेगच्या वेळी सरकारकडे नियम होते, माणसे होती, पैसाही होता. लोकांना त्यांच्या भाषेत, त्यांच्या उंबऱ्यावर बसून समजावून सांगेल असे माणूस मात्र अभावानेच दिसले. सावित्रीबाई फुले अशा विरळ्यांपैकी एक होत्या. रुग्णांची सेवा करता करताच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.

१६ जानेवारी १९०१ रोजी न्यायमूर्तींचे निधन झाले. रमाबाई पुण्याच्या वाड्यात परतल्या आणि वर्षभर त्यांनी बाहेरचे सारे व्यवहार बंद ठेवले. त्यानंतर त्या पुन्हा घराबाहेर पडू लागल्या, तेव्हा त्यांनी निवडलेल्या जागा पाहण्यासारख्या आहेत. येरवड्याच्या तुरुंगात जाऊन त्या स्त्री-कैद्यांशी बोलत बसत. सुधारगृहातल्या मुलांना सणावाराला गोडधोड नेत. रुग्णालयात फळे, फुले आणि पुस्तके घेऊन जात, खाटेजवळ बसून चौकशी करत. या भेटींचा गाजावाजा नव्हता. पण रुग्णाला औषधाइतकीच कुणीतरी विचारण्याची गरज असते, आणि ते विचारणारे माणूस त्याच्या भाषेतले असेल तर तो अधिक मोकळा होतो, हे त्यांनी या खाटांच्या रांगांतून स्वतः पाहिले.

बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी १९०८ साली मुंबईत सेवासदनाची कल्पना मांडली, तेव्हा स्त्रियांना आसरा देण्याबरोबर त्यांना परिचारिका म्हणून तयार करण्याचा विचार त्यात होता. मार्गदर्शनासाठी ते रमाबाईंकडे आले. लगोलग १९०९ साली पुण्याचे सेवासदन रमाबाईंच्या स्वतःच्या वाड्यात सुरू झाले. गोखल्यांच्या भारत सेवक समाजातले गोपाळ कृष्ण देवधर या कामाचा दुसरा खांब. हिशेब, वर्गणी, पत्रव्यवहार, सरकारदरबार हे देवधरांनी पाहायचे आणि घराघरांतून मुली-बायका आणायच्या त्या रमाबाईंनी, अशी ढोबळ वाटणी म्हणता येईल.

त्या घराघरांत काय ऐकावे लागे, याची कल्पना करणे कठीण नाही. रुग्णालयात जातगोत न पाहता सगळ्यांना शिवावे लागते. रात्रपाळी असते. परके पुरुष असतात. रुग्णाचे मलमूत्र काढावे लागते. शिवाय परिचारिकेचे काम म्हणजे युरोपीय, अँग्लो-इंडियन वा ख्रिस्ती बायकांचे, असा पक्का ग्रह होता. १८९१ साली मुंबईत बाई काशीबाई गणपत यांनी या शिक्षणात पाऊल टाकले होते, पण अशी उदाहरणे बोटांवर मोजण्याइतकी. त्यातच पंडिता रमाबाईंच्या ख्रिस्ती होण्यावरून आणि शारदा सदनावरून उठलेले वादळ पुण्याच्या स्मरणात ताजे होते. मुलगी रुग्णालयात गेली की धर्मालाही मुकणार, ही भीती लोक उघड बोलून दाखवत. तेव्हा हे काम करायला नऊवारी लुगड्यातल्या, कीर्तन-पुराणाची आवड असणाऱ्या, न्यायमूर्तींच्या पत्नी म्हणून मान असलेल्या रमाबाईच हव्या होत्या. जहाल सुधारकाच्या तोंडून जे पटले नसते, ते त्यांच्या तोंडून ऐकून घेतले गेले.

सेवासदनाच्या विद्यार्थिनींना ससून रुग्णालयात शुश्रूषेचे शिक्षण मिळू लागले. वाचायला हे एक वाक्य आहे. प्रत्यक्षात त्याच्या आधी बरेच काही करावे लागले. येणाऱ्या बायकांपैकी अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हते. डॉक्टरांच्या सूचना इंग्रजीत, तापाचे तक्ते इंग्रजीत, औषधांची नावे इंग्रजीत. म्हणून प्रौढ बायकांचे प्राथमिक वर्ग आधी, इंग्रजीची तोंडओळख त्यानंतर आणि वॉर्ड शेवटी, असा क्रम ठेवावा लागे. संवादकौशल्य नावाचा विषय तेव्हा कुठल्याच वेळापत्रकात नव्हता. परंतु जन्मभर मान खाली घालून, घरातल्या पुरुषापुढे अवाक्षर न काढता वाढलेल्या बाईला डॉक्टरला रुग्णाची हकिकत स्पष्ट सांगता येणे आणि रुग्णाला डॉक्टरचे म्हणणे समजावता येणे, ही खरी परीक्षा होती. वॉर्डातली परिचारिका दोन भाषांच्या आणि दोन जगांच्या मधोमध उभी असे. स्त्री-रुग्ण पुरुष डॉक्टरला दुखणे सांगत नसे. तिच्या वतीने नवरा वा सासू उत्तर देई. खरे दुखणे कळायचे ते परिचारिकेला, तेही तिने नीट विचारले तर.

सेवासदनाच्या एका वार्षिक समारंभात घडलेला प्रसंग त्या काळाचे पुणे नेमके दाखवतो. बक्षीस घेण्यासाठी डोक्यावरून पदर घेतलेली, तांबड्या आलवणातली एक तरुण विधवा व्यासपीठाकडे निघाली आणि गॅलरीत बसलेल्या विद्यार्थ्यांनी हुर्यो उडवली. कॉलेजात जाणारी, सुशिक्षित म्हणवणारी मुले ती. समारोपाला रमाबाई उभ्या राहिल्या आणि एरवी मृदू बोलणाऱ्या या बाईंनी त्या तरुणांना सर्वांदेखत खडसावले. ज्या दुर्दैवी मुली त्यांच्याही घरात असतील, त्यांच्यापैकीच एक धडपडून उभी राहत असता तिची टिंगल करणाऱ्याच्या शिक्षणाला काय अर्थ, असा त्या बोलण्याचा रोख होता.

संस्था वाढत गेली. १९१५ साली तिची रीतसर नोंदणी झाली. शिक्षिकांसाठी अध्यापन विद्यालय निघाले, वसतिगृहे तीन झाली; त्यांतले एक वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या मुलींचे, एक उमेदवार परिचारिकांचे. वसतिगृहाचे महत्त्व इमारतीपुरते नव्हते. मुलगी कुठे झोपते, काय खाते, कुणाबरोबर येते-जाते, याचे उत्तर आईबापांना ते देत असे. आळंदीच्या यात्रेत सेवासदनाच्या स्वयंसेविका स्त्री-यात्रेकरूंच्या मदतीला जात, त्यांत रमाबाई असत. १९१३ साली दुष्काळग्रस्तांसाठी त्या गुजरात-काठेवाडातही जाऊन आल्या.

हे सारे पुण्यात चालले होते, याचीही जाणीव ठेवायला हवी. परभणी जिल्ह्यातले पेडगाव त्या वेळी निजामाच्या राज्यात होते. दरबारची भाषा उर्दू आणि लोकांची मराठी. पुण्याच्या वाड्यातली चळवळ तिथवर पोहोचायला फार वर्षे गेली. आज परिचर्या महाविद्यालयांच्या पहिल्या सत्रात संभाषणात्मक इंग्रजीचा विषय आहे, आणि तो हवाच. पण मराठवाड्यातल्या खेड्यात गरोदर बाईला हिमोग्लोबिन कमी आहे म्हणजे काय झाले आणि लोहाच्या गोळ्या का चुकवायच्या नाहीत, हे तिच्या सासूच्या समक्ष, तिथल्याच बोलीत सांगावे लागते. रमाबाईंच्या विद्यार्थिनींना अडचण इंग्रजीची होती, आजच्या काहींना ती गावच्या बोलीची असते.

अखेरच्या वर्षांत रमाबाईंनी मुलींच्या सक्तीच्या शिक्षणासाठी मोहीम चालवली आणि १९२१-२२ मध्ये मुंबई इलाख्यातल्या स्त्री-मताधिकाराच्या चळवळीचे नेतृत्व केले. साठीला टेकलेल्या, थकलेल्या बाई सभांमागून सभा घेत होत्या, आणि आता भाषण लिहून द्यायला कुणी लागत नव्हते. १९२४ साली त्यांचे निधन झाले, त्या वेळी पुण्याच्या सेवासदनात हजाराहून अधिक स्त्रिया शिकत होत्या. १९६२ साली टपाल खात्याने त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त तिकीट काढले. सेवासदन पुण्यात आजही आहे.